कातडीआडच्या केशवाहिन्या

सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे रोजच्या बोलण्यात डॉक्टर ज्याला स्क्लेरोडर्मा म्हणतात तो विकार, शरीरातल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांपासून सुरू होतो. थंडीत बोटे पांढरीफटक पडतात, मग निळी-जांभळी होतात. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी बोटांची कातडी इतकी ताठ होते की ती चिमटीत येत नाही. पुढे रुग्णाचे आयुष्य किती, हे बहुतेकदा फुप्फुसांवर ठरते. आज हा क्रम पाठ्यपुस्तकात तीन ओळींत मावतो. वैद्यक मात्र तो जवळजवळ उलटा शिकले. आधी कातडी पाहिली, मग शवविच्छेदनाच्या टेबलावर फुप्फुसे पाहिली, आणि रक्तवाहिन्यांकडे गंभीरपणे लक्ष गेले ते सर्वांत शेवटी. त्या वाहिन्या तर प्रत्येक रुग्णाच्या नखाच्या बुडाशी, भिंगाखाली दिसतील अशा बेताने उघड्याच होत्या.

या विकाराची पहिली सविस्तर नोंद म्हणून ज्या वर्णनाकडे बोट दाखवले जाते ते नेपल्सचे. १७५२ साली तिथल्या रुग्णालयात कार्लो कुर्झिओ या वैद्याकडे सतरा वर्षांची एक मुलगी आली. तिची कातडी जागोजागी कडक झाली होती आणि तोंड पुरते उघडत नव्हते. कुर्झिओने तिला कोमट दूध दिले, वाफेचे शेक दिले, पायाची शीर तोडून रक्त काढले आणि अल्प मात्रेत पारा दिला. पुढच्या वर्षी त्याने या रुग्णावर पुस्तिका छापली आणि ती बरी झाल्याचे लिहिले. ती खरोखर स्क्लेरोडर्माचीच रुग्ण होती का, यावर आजही मतभेद आहेत. लक्षणे आणि सुधारणा पाहता तो स्क्लेरेडेमा हा वेगळा, आपोआप ओसरणारा विकार असावा असे अनेकांना वाटते. तरी त्या पुस्तिकेने एक पायंडा पाडला. पुढची शंभर वर्षे वैद्यांनी या रोगाकडे कातडीचा रोग म्हणूनच पाहिले, आणि १८४७ साली बोर्दोच्या एली जँत्राकने त्याला नाव दिले तेही कातडीवरूनच.

रक्तवाहिन्यांचा धागा प्रथम हाती लागला तो पॅरिसमध्ये, पण वेगळ्याच रोगाच्या शोधात. मॉरिस रेनोने १८६२ साली आपल्या प्रबंधात २५ रुग्णांच्या हकिकती मांडल्या. त्यांची बोटे थंडीने किंवा मानसिक ताणाने रंग बदलत, आणि काहींची टोके सडत. मोठ्या रोहिण्या मोकळ्या असूनही रक्त टोकापर्यंत पोहोचत नाही, हे त्याने नेमके टिपले. कारण म्हणून त्याने मज्जासंस्थेकडे बोट दाखवले. रक्तवाहिन्या आवळणारी केंद्रे अतिसंवेदनशील होतात, असे त्याचे मत होते. त्याच दशकात स्क्लेरोडर्माच्या रुग्णातही बोटांचा हाच प्रकार त्याच्या पाहण्यात आला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नजरेखाली आल्या, तरी त्यांच्यातले नाते कोणी पुढे नेले नाही. रेनो १८८१ साली गेला. त्याच्या नावाची लक्षणे आज स्क्लेरोडर्माच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात सापडतात, आणि बहुतेकांत तीच पहिली खूण असते.

केशवाहिन्या डोळ्यांनी पाहण्याचा इतिहास याहून पुष्कळ जुना आहे, आणि तो सुरू होतो फुप्फुसातच. विल्यम हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरण सिद्ध केले, पण रोहिणीतले रक्त नीलेत कसे जाते हे त्याला दाखवता आले नव्हते. १६६१ साली बोलोन्यात मार्चेल्लो मालपिगीने बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्याला मधला दुवा दिसला. दोनच वर्षांनी, १६६३ साली, योहान कोल्हाउस याने नखाभोवतीच्या बारीक वाहिन्या प्राथमिक सूक्ष्मदर्शकाने पाहिल्याचे सांगितले जाते. त्यानंतर अडीच शतके फारशी प्रगती झाली नाही. त्याला कारण अगदी साधे होते. कोरड्या कातडीवरून प्रकाश विखुरतो आणि खालचे काही दिसत नाही. १९१२ साली मिशिगन विद्यापीठाच्या वॉरन लोम्बार्डने कातडीवर तेलाचा थेंब ठेवला. कातडी पारदर्शक झाली, आणि जिवंत माणसाच्या केशवाहिन्यांतून रक्त वाहताना दिसू लागले.

त्यासाठी नखाच्या बुडाची जागा निवडण्यामागे शरीररचनेचे कारण आहे. शरीरात इतरत्र केशवाहिन्या कातडीच्या पृष्ठभागाशी काटकोनात उभ्या असतात, त्यामुळे वरून फक्त त्यांचे टोक ठिपक्याएवढे दिसते. नखाच्या बुडाशी शेवटची रांग आडवी, पृष्ठभागाला समांतर पसरलेली असते. तिथे प्रत्येक वाहिनी केसात खोवायच्या आकड्यासारखी पूर्ण दिसते. एक बारीक बाजू वर जाते, वळते, आणि किंचित रुंद बाजू परत येते. निरोगी प्रौढाच्या बोटात एका मिलिमीटरात सुमारे ९ केशवाहिन्या असतात, निदान ७ तरी असाव्यात अशी अपेक्षा असते. वळणापाशी त्यांची रुंदी २० मायक्रोमीटरच्या आत असते. रांग सरळ, अंतर सारखे, मध्ये ओसाड जागा नाही.

लोम्बार्डच्या युक्तीचा खरा उपयोग जर्मनीत ट्युबिंगेनला झाला. तिथे वाइस याने १९१६ साली पद्धत सुधारली आणि केशवाहिन्यांची छायाचित्रे घ्यायला सुरुवात केली. त्याचे वरिष्ठ ओट्फ्रिड म्युलर यांनी १९२२ साली निरोगी आणि आजारी माणसांतल्या केशवाहिन्यांचा मोठा सचित्र संग्रह प्रसिद्ध केला. त्या काळी या तंत्राचे वेडच लागले होते. हृदयरोग, मूत्रपिंडाचे विकार, मधुमेह, सगळ्याची खूण नखापाशी शोधली जात होती. काहींनी तर केशवाहिन्यांच्या आकारावरून मुलांची बौद्धिक वाढ जोखण्यापर्यंत मजल मारली. असे दावे कोसळले, आणि पद्धतीची पतही त्यांच्याबरोबर ढासळली.

म्हणूनच १९२५ सालच्या एका निबंधाची उपेक्षा आज अधिक बोचते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जॉर्ज ब्राउन आणि पॉल ओलिअरी यांनी खास स्क्लेरोडर्माच्या रुग्णांच्या केशवाहिन्या तपासल्या. त्यांना त्या संख्येने कमी आणि आकाराने बेढब, फुगलेल्या दिसल्या. अर्धे उत्तर तिथेच होते. ब्राउनने पुढे एडगर ॲलनसोबत १९३२ साली साधा रेनो आणि दुसऱ्या रोगामुळे होणारा रेनो यांत फरक करण्याचे निकष घालून दिले. निदान दोन वर्षे दुसऱ्या कोणत्याही रोगाचे चिन्ह नसेल तर साधा, हा त्यांतला एक. म्हणजे काळच निवाडा देणार, डॉक्टरने थांबायचे. नखाच्या बुडाशी पाहून तो निवाडा लवकर देता येईल, हे ब्राउनचेच काम सुचवत होते. पण निकषांत ते आले नाही. लंडनमध्ये टॉमस लुइसने १९२९ साली प्रयोगांनी दाखवले की बोटे पांढरी पडण्याचा दोष बोटांतल्या वाहिन्यांतच आहे, मज्जासंस्थेत नाही. तरीही रेनोची कल्पना सहजी हटली नाही. मज्जारज्जूजवळच्या नसा कापण्याच्या शस्त्रक्रिया पुढेही दीर्घकाळ होत राहिल्या.

त्याच सुमारास शवविच्छेदनांमधून दुसरी बाजू पुढे येत होती. १९२४ साली जपानच्या मात्सुइने स्क्लेरोडर्माने मेलेल्या रुग्णांची आतली इंद्रिये तपासली, आणि फुप्फुसे, अन्ननलिका, आतडी, मूत्रपिंडे अशा अनेक ठिकाणी चिवट तंतूंची वाढ नोंदवली. १९४१ साली अमेरिकेत मर्फी आणि सहकाऱ्यांनी स्क्लेरोडर्मा आणि फुप्फुसाचा फायब्रोसिस (म्हणजे हीच तंतूंची वाढ) यांचा संबंध स्वतंत्र विषय म्हणून मांडला. १९४५ हे वर्ष निर्णायक ठरले. जेरुसलेममध्ये सोफिया गेट्झोवा या पॅथॉलॉजिस्टने फुप्फुसातल्या बदलांचे दोन प्रकार वेगळे केले. एकात पोकळ्या पडून जाळी होते, दुसऱ्यात फुप्फुस घट्ट होत जाते. केपटाउनमध्ये रॉबर्ट गोएट्झने आतड्यांपासून हृदयापर्यंतचे बदल एकत्र मांडून या विकाराला 'प्रोग्रेसिव्ह सिस्टेमिक स्क्लेरोसिस' म्हणावे असे सुचवले. हा रोग कातडीपुरता नाही, हे त्या नावाने कायमचे नोंदवले गेले. गोएट्झ मूळचा रक्ताभिसरणाचा अभ्यासक. जिराफाच्या उंच मानेत रक्त कसे चढते यावर त्याने पुढे काम केले, आणि १९६० साली न्यूयॉर्कमध्ये हृदयाची पहिली यशस्वी बायपास शस्त्रक्रियाही त्याच्याच हातून झाली. वाहिन्यांची नजर असलेल्या माणसाने हा रोग पाहिला, म्हणून तो कातडीपाशी अडला नाही, असे मानायला जागा आहे.

दगडाच्या धुळीचा संबंधही याच काळात दिसू लागला. एडिंबरोच्या बायरम ब्रॅमवेलने १९१४ साली आपल्या स्क्लेरोडर्माच्या रुग्णांत पाथरवटांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याइतके असल्याचे नोंदवले, आणि त्यांच्या हातांना बसणाऱ्या गारठ्याला दोष दिला. १९५७ साली एरास्मसने दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांत हेच पाहिले, तेव्हा संशय सिलिकाच्या धुळीवर गेला. गारगोटी फोडणाऱ्या, खाणीत उतरणाऱ्या पुरुषांत हा धोका वाढतो हे आता मान्य आहे. एरवी हा विकार स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो.

फुप्फुस बिघडले आहे हे मेल्यावर कळून उपयोग नव्हता. जिवंत माणसाचे फुप्फुस मोजण्याची साधने मात्र स्क्लेरोडर्माशी काहीही संबंध नसलेल्या प्रश्नांतून जन्माला आली. पहिले साधन लंडनच्या जॉन हचिन्सनचे. १८४६ साली त्याने पाण्यावर तरंगणाऱ्या घंटेचा स्पायरोमीटर मांडला आणि दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजला. सैनिक, खलाशी, कुस्तीगीर, बुटके, सद्गृहस्थ, सगळे त्यात होते. उंची वाढते तशी फुप्फुसाची क्षमता ठरावीक प्रमाणात वाढते, हा त्याचा शोध आजही तक्त्यांचा पाया आहे. त्याचे लक्ष क्षयरोगावर आणि आयुर्विम्यावर होते. त्याने मोजलेली संख्या आज थोड्या बदललेल्या रूपात एफव्हीसी या नावाने प्रत्येक स्क्लेरोडर्मा रुग्णाच्या फाइलीत असते.

दुसऱ्या साधनाची कथा कोपनहेगनमधल्या एका घरातली आहे. ख्रिश्चन बोर आणि इंग्लंडमधला जे. एस. हाल्डेन यांचे म्हणणे होते की फुप्फुस ग्रंथीप्रमाणे प्राणवायू रक्तात ढकलते. बोरचाच शिष्य ऑगस्ट क्रोग आणि त्याची पत्नी मारी क्रोग यांना ते पटेना. वायू केवळ दाबाच्या फरकाने झिरपतो हे दाखवायचे तर फुप्फुसाचा पडदा किती वायू जाऊ देतो ते मोजायला हवे होते. त्यांनी कार्बन मोनॉक्साइड निवडला. हा विषारी वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो, त्यामुळे रक्तात शिरला की परत येत नाही. अल्प मात्रेत हुंगवला, तर किती नाहीसा झाला यावरून पडद्याची क्षमता कळते. १९१० साली दोघांचा पहिला निबंध आला, आणि १९१५ साली मारी क्रोगने एकाच श्वासात ही क्षमता मोजण्याची पद्धत स्वतंत्रपणे मांडली. ती स्वतः डॉक्टर होती, घर आणि रुग्ण सांभाळून प्रयोगशाळेत काम करत होती. ऑगस्टला १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते स्नायूंतल्या केशवाहिन्या गरजेनुसार कशा उघडतात आणि मिटतात या शोधासाठी. म्हणजे स्क्लेरोडर्मा समजून घेण्याच्या दोन किल्ल्या, केशवाहिन्यांचे शास्त्र आणि फुप्फुसातल्या झिरपण्याचे मोजमाप, एकाच संसारात तयार झाल्या. त्या एकत्र लावल्या जायला पुढे सत्तर-ऐंशी वर्षे गेली. मारी क्रोगचे नाव या संदर्भात फार क्वचित घेतले जाते, ते आवर्जून घ्यायला हवे.

तिची पद्धत दवाखान्यात यायला दुसऱ्या महायुद्धानंतरची उपकरणे लागली. इन्फ्रारेड किरणांनी कार्बन मोनॉक्साइड झटपट मोजता येऊ लागला तेव्हा १९५७ साली फिलाडेल्फियाच्या ओगिल्व्ही, फॉर्स्टर आणि सहकाऱ्यांनी चाचणी प्रमाणित केली. आजही ती जवळपास तशीच होते. रुग्ण श्वास पूर्ण सोडतो, सुमारे ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि त्याबरोबर दुसरा एखादा निष्क्रिय वायू असलेली हवा छातीभर घेतो, १० सेकंद रोखतो आणि सोडतो. मिळणाऱ्या आकड्याला डीएलसीओ म्हणतात. त्याच वर्षी राउटन आणि फॉर्स्टर यांनी हा आकडा दोन भागांत विभागता येतो हे समीकरणाने दाखवले. एक भाग वायुकोशाच्या पडद्याचा, दुसरा त्या क्षणी फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत असलेल्या रक्ताचा. हे रक्त विश्रांतीत शंभर मिलिलिटरच्याही आत भरते. एक तांबडी पेशी पाऊण सेकंदात त्यातून पार होते. तेवढ्या वेळात सगळी देवघेव उरकते.

त्याआधी १९५१ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातल्या आंद्रे कुर्नाँ यांच्या गटाने वायुकोश आणि केशवाहिनी यांच्यामधला पडदा जाड झाल्याने प्राणवायू अडतो ही कल्पना मांडली होती. स्क्लेरोडर्माच्या फुप्फुसाला ती अगदी चपखल वाटली आणि बराच काळ डीएलसीओ घटला की पडदा जाडावला असेच समजले जाई. राउटन-फॉर्स्टर समीकरणाने दुसरी शक्यता उघडी ठेवली होती. पडदा तसाच असेल, पण त्यामागच्या केशवाहिन्याच नाहीशा झाल्या असतील. स्क्लेरोडर्मात पुष्कळदा नेमके हेच घडते. एफव्हीसी जवळजवळ शाबूत आणि डीएलसीओ मात्र निम्म्यावर आलेला, असे रुग्ण पुढे वारंवार भेटू लागले, आणि त्यांच्याकडे जाड पडद्याचे स्पष्टीकरण पुरेना.

१९७० च्या दशकापर्यंत या रोगाचा सर्वांत भयंकर घाला मूत्रपिंडांवर पडे. तिथल्या बारीक रोहिण्यांचे अस्तर आतून वाढून वाट बुजवी, रक्तदाब भडके आणि रुग्ण काही आठवड्यांत दगावे. १९७९ साली कॅप्टोप्रिल हे औषध अशा रुग्णांत गुणकारी ठरल्याचे जाहीर झाले आणि चित्र पालटले. पिट्सबर्गच्या व्हर्जिनिया स्टीन आणि थॉमस मेड्सगर यांनी १९७२ ते २००२ या तीस वर्षांतल्या मृत्यूंचा हिशेब मांडला. या रोगामुळे झालेल्या मृत्यूंत मूत्रपिंडाचा वाटा ४२ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आला, तर फुप्फुसाच्या फायब्रोसिसचा ६ वरून ३३ टक्क्यांवर गेला. फुप्फुसे अचानक अधिक बिघडू लागली नव्हती. रुग्ण जगू लागले, तेव्हा दुसरा धोका पुढे आला.

मूत्रपिंडातल्या त्या बुजलेल्या रोहिण्यांनीच विचारांना नवी दिशा दिली. कातडीतल्या पेशी प्रमाणाबाहेर कोलॅजेन, म्हणजे तंतूंचे प्रथिन, बनवतात हे प्रयोगशाळेत दाखवणाऱ्यांत कार्वाइल लरॉय हा अग्रणी होता. त्यानेच १९७५ साली कॅम्पबेलसोबत मांडले की रोगाचे मूळ वाहिन्यांच्या अस्तराला होणाऱ्या इजेत आहे, कोलॅजेनची वाढ त्यानंतरची. मूत्रपिंड, बोटे, फुप्फुस, हृदय, सगळीकडे एकच चित्र दिसते. अस्तर जखमी होते, आतला थर जाडावतो, वाट अरुंद होते आणि पुढची केशवाहिनी रक्ताविना मरते. ज्याने कोलॅजेनवर नाव कमावले त्याने कोलॅजेनला दुय्यम ठरवावे, याला वैचारिक धैर्य लागते. पुढच्या संशोधनाने या मांडणीला बरेच बळ दिले. १९८८ साली जपानमध्ये त्सुकुबा येथे यानागिसावा यांनी एंडोथेलिन शोधले. अस्तरातून स्रवणारा आणि वाहिन्या आवळणारा हा पदार्थ या रुग्णांत वाढलेला सापडला.

लरॉयची सहकारी हिल्डेगार्ड मॅरिक हिने अर्धशतक पडून राहिलेले नखाचे तंत्र परत आणले. ती आधी मानसिक आजारांच्या संदर्भात नखाच्या बुडाशी असलेल्या वाहिन्यांचा अभ्यास करत होती. म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या फसलेल्या वाटेवरूनच एक उपयोगी पाऊल पुढे पडले. १९७३ साली दोघांनी कमी मोठे दाखवणाऱ्या भिंगातून बोटाची संपूर्ण कड एकदम पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आधीचे लोक मोठ्या भिंगाने एकेक वाहिनी पाहत. मॅरिकने रांग पाहिली. स्क्लेरोडर्मात ती रांग मोडलेली दिसे. काही वाहिन्या प्रचंड फुगलेल्या, त्यांच्या शेजारी ओसाड पट्टे, मध्येमध्ये रक्ताचे बारीक ठिपके. सुमारे ८० टक्के रुग्णांत हे चित्र सापडले. ल्युपस किंवा आमवातात सहसा असे दिसत नव्हते.

२००० साली जेनोआच्या मॉरिझिओ कुतोलो यांनी या चित्राला काळाचा क्रम दिला. सुरुवातीला काही मोजक्या वाहिन्या ५० मायक्रोमीटरहून अधिक फुगतात, संख्या शाबूत असते. मग फुगलेल्या वाहिन्या आणि रक्तस्राव वाढतात, काही वाहिन्या गळतात. शेवटी फुगलेल्याही फारशा उरत नाहीत, मोठे ओसाड भाग पडतात, आणि उरलेल्या जागेत झुडपासारख्या फाटे फुटलेल्या निरुपयोगी वाहिन्या येतात. नवी वाहिनी उगवावी म्हणून शरीर संकेत भरपूर पाठवते, पण धड वाहिनी तयार होत नाही.

याच काळात रक्ततपासणीतून तिसरा धागा आला. एंग टॅन यांच्या गटाने १९७९ आणि १९८० साली या रोगाची दोन खास प्रतिपिंडे ओळखली. स्क्ल-७० असलेल्यांत फुप्फुसाचा फायब्रोसिस अधिक, तर सेंट्रोमिअरविरोधी प्रतिपिंड असलेल्यांत फुप्फुसाच्या रोहिण्यांतला वाढलेला दाब अधिक आढळतो. नख आणि रक्त एकत्र पाहिल्यास भविष्य किती स्पष्ट होते, हे माँट्रियालमधल्या अभ्यासाने २००८ साली दाखवले. केवळ रेनोची लक्षणे असलेल्या ५८६ जणांचा वीस वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला. त्यांपैकी १२.६ टक्क्यांना पुढे सिस्टेमिक स्क्लेरोसिस झाला. ज्यांच्यात प्रतिपिंडे आणि नखाच्या बुडाशी बिघाड दोन्ही होते त्यांच्यात हे प्रमाण जवळजवळ ८० टक्के, आणि दोन्ही नव्हते त्यांच्यात २ टक्क्यांहून कमी. ॲलन आणि ब्राउन यांची दोन वर्षांची वाट पाहणी यापुढे गरजेची राहिली नाही.

नखाचे चित्र फुप्फुसाच्या आकड्याशी जुळते का, हा प्रश्न थेट विचारला गेला तो १९९३ साली, नेदरलँड्समध्ये. ग्रून आणि सहकाऱ्यांनी रेनोच्या रुग्णांत नखाच्या बुडाशी असलेले बदल आणि डीएलसीओ शेजारी ठेवले. जिथे केशवाहिन्यांची हानी होती तिथे झिरपण्याची क्षमताही घटलेली निघाली. २००४ साली ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे येथे ब्रेडेमायर यांनी ओसाड भागांचा फुप्फुसातल्या सक्रिय रोगाशी संबंध दाखवला. २००९ साली ॲम्स्टरडॅममध्ये हॉफस्टे यांनी पाहिले की ज्यांच्या फुप्फुसातला दाब वाढला आहे त्यांच्यात नखाजवळच्या केशवाहिन्यांची दर मिलिमीटर संख्या कमी असते, आणि दाब जितका जास्त तितकी संख्या कमी. बोटातली आणि फुप्फुसातली झीज एकाच प्रक्रियेची दोन ठिकाणे आहेत, या लरॉयच्या मांडणीला हा मोजता येणारा आधार मिळाला. मात्र हा संबंध गटांमध्ये स्पष्ट दिसतो, एकट्या रुग्णात तितका नाही. नख फार बिघडलेले आणि फुप्फुस ठीक, असेही घडते. म्हणून नख पाहून फुप्फुसाची तपासणी टाळता येत नाही.

फुप्फुसातल्या रोहिण्यांचा दाब नेमका मोजायचा तर उजव्या हृदयात नळी घालावी लागते. व्हेर्नर फोर्समानने १९२९ साली स्वतःच्याच दंडातून हृदयापर्यंत नळी सरकवून या तंत्राची सुरुवात केली. कुर्नाँ आणि रिचर्ड्स यांच्यासह त्याला १९५६ चे नोबेल मिळाले. ही तपासणी प्रत्येकावर करता येत नाही, म्हणून कोणावर करायची हे ठरवायला डीएलसीओ उपयोगी पडला. १९८६ साली पिट्सबर्गमधून आलेल्या निष्कर्षांत असा दाब वाढलेल्या रुग्णांचा डीएलसीओ फार आधीपासून घसरलेला दिसला. आता एफव्हीसीच्या टक्केवारीला डीएलसीओच्या टक्केवारीने भागतात, आणि भागाकार १.६ च्या पुढे गेला की सावध होतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या डिटेक्ट अभ्यासात तीन वर्षांहून जुना रोग आणि ६० टक्क्यांखाली डीएलसीओ असलेल्या ४६६ रुग्णांवर नळीची तपासणी झाली. ८७ जणांत, म्हणजे १९ टक्क्यांत, रोहिण्यांच्याच विकाराने दाब वाढलेला निघाला. त्यावरून तयार झालेल्या गणनेत हा भागाकार आहे, कातडीवरच्या लाल ठिपक्यांसारख्या पसरलेल्या वाहिन्या आहेत, सेंट्रोमिअरविरोधी प्रतिपिंड आहे. नखाची तपासणी नाही. दाबाची मर्यादाही बदलली आहे. १९७३ पासून ती २५ मिलिमीटर पारा होती, २०१८ साली २० वर आणली गेली, कारण वाहिन्यांची झीज त्याआधीच सुरू झालेली असते.

फायब्रोसिसची वाट वेगळी. त्यात एफव्हीसी आणि डीएलसीओ दोन्ही उतरतात आणि एचआरसीटीत, म्हणजे बारीक तपशील दाखवणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये, फुप्फुसाच्या तळाशी धूसर पट्टे दिसतात. २००२ साली लंडनमध्ये ८० रुग्णांच्या फुप्फुसाचे तुकडे तपासले तेव्हा ६२ जणांत एकसारखा पसरणारा, तुलनेने सौम्य प्रकार आढळला. २००६ सालच्या अमेरिकी चाचणीत सायक्लोफॉस्फमाइडने एका वर्षात एफव्हीसीत अडीच टक्क्यांचा फरक पाडला. फायदा लहान होता आणि औषध थांबल्यावर ओसरला, तरी फुप्फुसाची घसरण रोखता येते हे पहिल्यांदा काटेकोरपणे सिद्ध झाले. २०१९ साली ५७६ रुग्णांवरच्या चाचणीत निन्टेडानिब घेणाऱ्यांचा एफव्हीसी वर्षाला ५२ मिलिलिटरने घटला, न घेणाऱ्यांचा ९३ ने. हचिन्सनने मोजायला शिकवलेली संख्या आता औषधाची कसोटी झाली होती.

नखाची तपासणी आज २०० पट मोठे दाखवणाऱ्या व्हिडिओ उपकरणाने होते. ते नसेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडचे डर्मोस्कोप किंवा साध्या नेत्रपरीक्षण यंत्राचे भिंगही तेलाच्या थेंबासह बरेच काही दाखवते. गडद रंगाच्या कातडीत वाहिन्या अस्पष्ट दिसतात, हाताने कष्टाचे काम करणाऱ्यांत आणि नखाजवळची कातडी कुरतडणाऱ्यांत खोटी चित्रे उमटतात. म्हणून अंगठा सोडून दोन्ही हातांची आठ बोटे पाहण्याचा आणि चौथ्या-पाचव्या बोटाला अधिक महत्त्व देण्याचा प्रघात आहे. तिथली कातडी जास्त पारदर्शक असते.

१९८० साली अमेरिकेत ठरलेल्या निकषांत मुख्य भर बोटांच्या पलीकडे गेलेल्या घट्ट कातडीवर होता. फुप्फुसाच्या तळाचा फायब्रोसिस दुय्यम खुणांत होता, नखाला स्थानच नव्हते. २०१३ साली अमेरिका आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांनी मिळून संशोधनासाठी नवे निकष केले. त्यांत ९ गुण भरले की रुग्ण सिस्टेमिक स्क्लेरोसिसचा धरला जातो. बोटांच्या मुळापलीकडची घट्ट कातडी एकटीच ९ गुणांची. त्याशिवाय रेनोच्या लक्षणांना ३, खास प्रतिपिंडांना ३, नखाजवळच्या बिघडलेल्या केशवाहिन्यांना २, आणि फुप्फुसाचा फायब्रोसिस किंवा वाढलेला दाब यांना २. शेवटच्या चारांची बेरीज १० होते. म्हणजे कातडी अजिबात घट्ट न झालेला रुग्णही या निकषांत बसतो.